तुम्हाला काय वाटेल ते

पहिल्या शिकवणीची फी मी मागितलीच नाही.

टिळकवाडीतलं घर होतं. तिसरीतल्या मुलाला कीबोर्ड शिकवायचा होता. मुलाच्या आईने चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "फी किती घेता?" मी तेव्हा अठरा वर्षांची. तोपर्यंत मला सगळे 'घेतेस', 'येतेस', 'जेवलीस का' असंच विचारायचे. 'घेता' ऐकून मी एकदम गडबडले. कपाकडे बघत म्हटलं, "तुम्हाला काय वाटेल ते."

महिनाअखेरीला पाकीट मिळालं. आत तीनशे रुपये. आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे महिन्यात आठ वेळा मी गणेशपूरहून स्कूटीवरून टिळकवाडीला जाऊन आले होते. पप्पांनी वीजबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. पेट्रोल साधारण दोनशे रुपये. उरले शंभर. भागिले आठ. "एका वेळेचे साडेबारा रुपये," ते म्हणाले. पप्पा उद्यमबागमधल्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. कुठल्या मशीनचा तासाचा दर काय, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते हसले असते तर मीही हसले असते, पण त्यांनी ते बिल घडी घालून मला दिलं आणि जेवायला बसले.

पुढची दोन वर्षं मी तरीही हेच वाक्य म्हणत राहिले. त्याबद्दलच हे लिहायचं आहे. आपल्या मंडळाच्या अंकात मी आतापर्यंत कवितांवर लिहिलं, एकदा बोलीवर लिहिलं. या वेळी पैशांवर लिहिते आहे. वाचताना कुणाला अवघडल्यासारखं झालं तर मला कळेल, कारण लिहिताना मलाही होतंय.

मी संगीत दोन ठिकाणी शिकले. एक आमच्या चर्चमध्ये. तिथे ऑर्गन वाजवणारे म्हातारे मास्तर होते, मूळचे गोव्याचे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवायची रीत होती. त्या शाळांतून शिकलेली माणसं पुढे पोलीस बँडात, जहाजांवर, हॉटेलांत आणि मुंबईच्या सिनेमात वाजवायला गेली. आमचे मास्तर त्याच रितीचे. शिकवताना पेन्सिलीने टेबलावर ठोके द्यायचे आणि चुकलं की पेन्सिल थांबायची, बाकी काही बोलायचे नाहीत. चौदाव्या वर्षी मी रविवारच्या मिस्साला वाजवायला लागले. नंतर मम्मीने भिशीच्या पैशांतून ट्रिनिटीच्या परीक्षांना बसवलं. पाचव्या ग्रेडपर्यंत पोचले.

दुसरं ठिकाण शहापूरच्या सरांचं. तिथे मला शेजारच्या काकूंनी नेलं. सर पेटी शिकवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुझी पट्टी कुठली?" मला प्रश्नच कळला नाही. चर्चमध्ये सूर आपापल्या जागेवर असायचे. कागदावर जो लिहिलाय तो वाजवायचा. सरांकडे सा फिरता होता. कुणाचा पांढरी एकमध्ये, कुणाचा काळी चारमध्ये, जसा गळा तसा. पहिले दोन महिने माझं डोकं फिरलं. आता वाटतं, शिकवणाऱ्याला यापेक्षा मोठी शिदोरी मिळणार नाही. नवं मूल आलं की मी आधी त्याला काहीतरी गुणगुणायला लावते, त्याचा गळा कुठे बसतो ते बघते आणि मग सुरुवात करते.

सांगायचा मुद्दा असा, की दोन्ही ठिकाणी मी पैशांबद्दल एक शब्द ऐकला नव्हता. चर्चमध्ये वाजवणं ही सेवा. तिचे पैसे घ्यायचे असतात असं आमच्या डोक्यातही येत नाही. सरांची फी पप्पा परस्पर द्यायचे, ती किती हे मी कधी विचारलं नाही. त्यात एकदा आमच्या नात्यातल्या एक आंटी म्हणाल्या, "देवानं दिलेली कला गं, तिचे कसले पैसे घेतेस?" आणि कॉलेजात कुणीतरी 'विद्यादान' हा शब्द वापरला. झालं. मला वाटायला लागलं, की फी सांगणं म्हणजे काहीतरी हलकं करणं.

तरीही विद्यार्थी वाढत गेले. एकाच्या आईने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. वर्षभरात सात झाले. कुणी पाचशे द्यायचं, कुणी तीनशे, एक घर दर महिन्याला पाकिटाऐवजी मिठाईचा बॉक्स द्यायचं. मी कुणालाच काही म्हणत नव्हते आणि मनात मात्र सगळ्यांचा हिशेब चालू असायचा. पाचशेवाल्यांकडे मी दहा मिनिटं जास्त बसायचे. मिठाईवाल्यांकडे जाताना कंटाळा यायचा. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मी फी सांगितली नव्हती म्हणून माझ्या मनातून पैसा गेला नव्हता. उलट तो प्रत्येक धड्यात माझ्या शेजारी येऊन बसत होता.

त्याच दिवसांत अनगोळची एक मुलगी माझ्याकडे यायला लागली. बारा वर्षांची, सातवीतली. तिच्या शाळेच्या गॅदरिंगला मी कीबोर्ड वाजवला होता. कार्यक्रम संपल्यावर ती स्टेजमागे आली आणि तोंडाने ती धून जशीच्या तशी म्हणून दाखवली, मधे मी चुकले होते त्या चुकीसकट. तिची आई घरी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. वडील नाहीत. मुलगी बसने गणेशपूरला माझ्या घरी यायची.

असं मूल शिकवायला मिळणं किती आनंदाचं असतं ते सांगता येत नाही. तिच्याकडे वाद्य नव्हतं. मी तिला माझ्या जुन्या पेटीवर शिकवायला घेतलं. कीबोर्डवरून पेटीवर येणारी मुलं सुरुवातीला पट्टी जोरात दाबतात. त्यांना वाटतं, जोरात दाबली की आवाज मोठा होईल. पेटीत तसं होत नाही. आवाजाचा जोर डाव्या हातात, भात्यात असतो; उजव्या हाताने नुसतं सुराचं दार उघडायचं. हे कळायला काहींना सहा महिने लागतात. तिला दुसऱ्या दिवशी कळलं. घरी ती आईच्या मशीनच्या टेबलावर बोटं फिरवून सराव करायची. मी तिला विचारलं, "आवाज नसताना कळतं कसं गं चुकलं ते?" ती म्हणाली, "कळतंय की."

पहिल्या महिन्याला तिच्या आईने दोनशे रुपये पाठवले, वहीच्या कागदात घडी करून. मी काही बोलले नाही. दुसऱ्या महिन्याला शंभर रुपये आणि निरोप आला, की टीचरनी ब्लाऊजपीस द्यावा, शिवून देते. मी दिला. तिने इतका सुंदर शिवला, की मी तो ख्रिसमसला घातला. तेव्हाही मी काही बोलले नाही. मला वाटलं, न बोलण्यातच माझा मोठेपणा आहे. तिसऱ्या महिन्यात मुलगी दोनदा आली आणि मग यायची थांबली.

मी एकदा फोन केला. "परीक्षा हाय," असं उत्तर आलं. मी पुन्हा केला नाही. मैत्रिणींना सांगितलं, की पोरांचं असंच असतं, चार दिवस हौस. खाजगी शिकवणी घेणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य आमच्या तोंडी कायम असतं. मूल गेलं, की हौस संपली. शिकवणारा सुटतो.

आठेक महिन्यांनी रविवार पेठेत दोऱ्याच्या दुकानात तिची आई भेटली. मी विचारलं, "काकू, येत नाही हो ती आता?" त्या आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मग दुकानाबाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुम्ही आकडा सांगितला असता तर बरं झालं असतं टीचर. दोनशे पाठवले, तुम्ही काही बोलला नाही. मला वाटलं, कमी झाले. मग ब्लाऊज शिवून दिला. तरी तुम्ही काही बोलला नाही. मग पोरीला पाठवायचीच लाज वाटाय लागली."

मी म्हटलं, "अहो, पण मी तर म्हटलं होतं, काय वाटेल ते द्या."

"तेच की," त्या म्हणाल्या. "आठशे म्हटलं असतं, तर झेपत नाही म्हणून सांगितलं असतं. निम्मे देते म्हटलं असतं. 'काय वाटेल ते' म्हटल्यावर आमच्यासारख्यानं काय बोलायचं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या वाक्याने आपण कुणावर ओझं टाकत नाही असं मला वाटत होतं, त्या वाक्याने मी सगळं ओझं समोरच्यावर टाकलं होतं. टिळकवाडीतल्या घराला त्याने काही फरक पडला नाही. त्यांनी तीनशे घातले आणि विसरून गेले. त्रास झाला तो ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना. माझा संकोच त्यांना महागात पडला.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. सर आता ऐंशीच्या घरात आहेत. बोटं वाकली आहेत, पण अजून सकाळी दोन-तीन जण शिकायला येतात. मी सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन लाल कापडी बांधणीच्या चार वह्या घेऊन आले, दुकानदारांच्या चोपड्या असतात तशा. आत रकाने पाडलेले होते. नाव, वार, वेळ, ठरलेली फी, आलेली फी, शेरा. सगळ्यात जुन्या वहीत महिन्याची फी पंधरा रुपये होती.

मला आश्चर्य वाटलं ते शून्यांचं. प्रत्येक पानावर दोन-तीन नावांपुढे 'ठरलेली फी' या रकान्यात नीट गोल शून्य काढलेलं होतं. मी म्हटलं, "सर, फुकट शिकवायचं तर लिहायचं कशाला?"

ते म्हणाले, "ह्यांनासुद्धा पहिल्या दिवशी आकडा सांगितला होता मी. ते म्हणाले जमत नाही, मी म्हटलं बरं, मग शून्य ठरलं. ठरलेलं शून्य आणि न ठरलेलं शून्य यांत फरक असतो पोरी. ठरलेल्या शून्यवाला ताठ बसून शिकतो."

मग एका नावावर बोट ठेवलं. ते नाव खोडलेलं होतं. "हा दहा रुपयांपायी गेला. मी ताणलं. गळा चांगला होता." एवढं बोलून त्यांनी वही मिटली. म्हणजे वही असूनही चुका होतात. पण निदान कुठे झाली ते दिसतं.

घरी आल्यावर मी जरा वाचायला लागले. आपल्याला वाटतं, फी घेऊन संगीत शिकवणं ही आजकालची गोष्ट, पूर्वी सगळं गुरूच्या घरी राहून सेवेत चालायचं. सेवा होतीच. पण त्या काळात गवयाला आधार असायचा तो संस्थानिकाचा. कुरुंदवाडला जन्मलेल्या आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते राजाच्या आश्रयाऐवजी लोकांच्या आधारावर. वर्ग, अभ्यासक्रम, स्वरलिपीची पुस्तकं आणि परीक्षा, असं सगळं त्यांनी बसवलं. जो गरीब घरातला मुलगा कुठल्या बुवांच्या घरी राहू शकत नाही, त्यालाही दारातून आत येता यावं अशी ती रचना होती. पुढे मुंबईतली त्यांची इमारत कर्जापायी हातची गेली, हेही त्याच गोष्टीतलं आहे. एवढ्या मोठ्या माणसालाही हिशेबाने सोडलं नाही. त्यांच्यानंतर शिष्यांनी १९३१ साली मंडळ स्थापन केलं आणि आज आमच्या गल्लीतली मुलं ज्या 'प्रारंभिक', 'प्रवेशिका' परीक्षांना बसतात त्या त्याच मंडळाच्या. मिरज आमच्यापासून रेल्वेने काही तासांवर. इतक्या जवळची गोष्ट मला माहीत नव्हती.

दुसरं उदाहरण आमच्या मास्तरांच्या बाजूचं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या सिनेमासंगीतात व्हायोलिन वाजवायचे आणि संयोजन करायचे. ते शिकवायचेही. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त अमिताभ बच्चनच्या गाण्यात ते नाव आलं, ते शिष्याने गुरूला केलेला नमस्कार म्हणून. देशभर सगळ्यांनी ते नाव गुणगुणलं आणि बहुतेकांना ते एका शिकवणाऱ्याचं आहे हे माहीत नव्हतं. मलाही ते मास्तरांनीच सांगितलं होतं, तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

मग मीही वही आणली. साधीच, दोनशे पानी. आणि पप्पांना घेऊन बसले, कारण दर कसा काढायचा हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुझं मशीन दिवसात किती तास चालू शकतं?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. शिकणारी मुलं शाळेत जातात. म्हणजे माझा धंदा (पप्पांचा शब्द) चालणार संध्याकाळी चार ते आठ. पाऊण तासाचा एक धडा धरला तर घरी बसून दिवसाला पाच. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे तीस. रविवारी सकाळी चर्च. बाहेर जाऊन शिकवलं तर जाण्यायेण्यात वेळ जातो, दिवसाला तीनच होतात. त्यामुळे घरी येणाऱ्याला कमी फी आणि घरी जाऊन शिकवायचं तर जास्त, हे आपोआप ठरलं. मी आठवड्याला एक धडा, असे महिन्याला चार धडे ठेवले. माझ्याकडे येणाऱ्याला आठशे रुपये, त्यांच्या घरी जाऊन बाराशे. फी महिन्याच्या सुरुवातीला. विद्यार्थ्याने आदल्या दिवशी कळवलं तर धडा भरून मिळेल, नाहीतर नाही. मी आजारी पडले तर मी भरून देणार.

पप्पांचा दुसरा प्रश्न होता, "वर्षात किती महिने?" तेही मी मोजलं नव्हतं. मार्चमध्ये परीक्षा म्हणून अर्धी मुलं बंद. मेमध्ये सगळी गावाला. गणपतीत दहा दिवस पेटीवाले आरत्या-भजनांत, दिवाळीत सुट्टी, आणि डिसेंबरमध्ये माझ्याच कॅरलच्या तालमी. बारा महिन्यांत हातात येतात साडेनऊ. दहावीला गेलेलं मूल तर वर्षभरासाठी जातं आणि बहुतेक वेळा परत येत नाही. आज माझ्याकडे अकरा विद्यार्थी आहेत. सात घरी येतात, चौघांकडे मी जाते. भरलेल्या महिन्यात दहा हजार चारशे रुपये होतात. पण वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला आठ हजारांच्या थोडं वर. त्यातून पेट्रोल, पेटीची दुरुस्ती. यावर घर चालत नाही. पण तीस जागा भरल्या तर चालू शकतं, हे वहीत दिसतं. आधी ते नुसतं स्वप्न होतं, आता तो एकोणीस रिकाम्या जागांचा प्रश्न आहे.

काही गोष्टी मी चुकतमाकत शिकले, त्या इथे लिहून ठेवते. तुमच्यापैकी कुणी चित्रकला शिकवत असेल, गणित शिकवत असेल, त्यालाही उपयोग होईल. एक, पालक वाद्य विकत घेण्याआधी विचारतील असं बघा. लहान खेळण्यातला कीबोर्ड आणला की दोन महिन्यांत अडतं. 61 पट्ट्यांचा हवाच. दोन, सकाळची वेळ मोकळी असते म्हणून ती वाया गेली असं समजू नका. माझ्याकडे सकाळी अकराला एक निवृत्त बँक अधिकारी काका येतात. वय ६७. आजवर एकही धडा चुकवलेला नाही. त्यांना परीक्षा नको, सर्टिफिकेट नको, फक्त बायकोच्या भजनाला साथ करायची आहे. तीन, परीक्षेपायी शिकवणं घसरू देऊ नका. पालकांना सर्टिफिकेट हवं असतं, ते समजण्यासारखं आहे. पण वर्षभर चारच राग घोटणारं मूल परीक्षेनंतर पेटीकडे बघत नाही. मी प्रत्येक धड्याची शेवटची दहा मिनिटं मुलाच्या आवडीच्या गाण्याला ठेवते. मग ते सिनेमाचं असो, आरती असो, की आमच्या कॉयरचं.

नवी फी सांगायला सुरुवात केली तेव्हा माझा आवाज कापत होता. मिठाईच्या बॉक्सवाल्या घराने शिकवणी बंद केली. टिळकवाडीतल्या त्या पहिल्या आईला मी "बाराशे" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "अगंबाई, आधी सांगायचं नाही का? आम्हाला काय माहीत!" आणि पैसे दिले. दोन वर्षं मी त्यांच्यावर मनातल्या मनात रुसले होते.

मम्मीचं म्हणणं आहे, की बी.एड. कर, शाळेत लाग, संगीत संध्याकाळी. ती चुकीचं बोलत नाही. तिने भिशीचे पैसे घातलेत, तिला काळजी वाटणारच. शेवटचं सेमिस्टर संपलं की एक वर्ष मी मागून घेतलं आहे. वर्षाच्या शेवटी आम्ही तिघं वही उघडून बसणार आणि मग ठरवणार. भावनेवर नाही, रकान्यांवर.

आणि अनगोळची मुलगी. रविवार पेठेत भेट झाली त्यानंतरच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. मशीन चालू होतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "काकू, माझी फी महिन्याला आठशे आहे." त्यांनी पाय थांबवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आठशे झेपत नाही." मी म्हटलं, "किती झेपतील?" त्या म्हणाल्या, "दीडशे." मी म्हटलं, "ठरलं." सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. दोन वर्षं मला ते जमलं नव्हतं.

पण मुलगी लगेच आली नाही. मधल्या आठ महिन्यांत तिने शनिवारी कॉम्प्युटरचा क्लास लावला होता, तो सोडायला ती तयार नव्हती. माझ्यावर रागही असावा, बारा-तेराच्या वयात तो असतोच. मी विचारलं, "पेटी विसरलीस का गं?" तिने मान हलवली आणि मशीनच्या टेबलावर, आईच्या कापडाच्या बाजूला, बोटं फिरवून दाखवली. कुठली धून ते मला ओळखता आलं नाही. तिने सांगितलंही नाही.

माझ्या वहीत तिचं नाव आहे. वाराचा रकाना रिकामा. ठरलेली फी, १५०. आलेली फी, अजून काही नाही. शेऱ्यात मी लिहिलंय, 'मेच्या सुट्टीत विचारणे'. सगळे गावाला जातात तेव्हा ती इथेच असते, आणि मेमध्ये माझ्याकडे तीसच्या तीस जागा मोकळ्या असतात.